मोठ्या शहरातला स्टुडिओ, सोलापुरातला डेक : अल्बमची 'खोली' ऐकू येते का?

बाळीवेसकर

मंडळी, नमस्कार.

गायक, कवी, संगीतकार यांच्यावर आपण इथं भरभरून लिहितो. मला आज गाणं जिथं ध्वनिमुद्रित झालं त्या खोलीबद्दल बोलायचंय. मुंबईच्या फोर्टमधली, ताडदेवची, लंडनची, न्यूयॉर्कची, मद्रासची खोली. आपल्या सोलापूरच्या नवी पेठेत कॅसेट भरून घेताना आपण गाण्यांची यादी द्यायचो. हे कुठल्या स्टुडिओत, कुणी मुद्रित केलं, असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अल्बमचा निम्मा स्वभाव त्या खोलीत ठरतो : छत किती उंच, यंत्रावर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायचे पट्टे, किती, वादक एकमेकांसमोर बसले की वेगवेगळ्या दिवशी आले. आणि हे सगळं सांभाळणाऱ्या ध्वनिमुद्रकाचं नाव आपण सर्वांत आधी विसरतो.

मला सगळ्यात जास्त आवडणारी हकिकत मुंबईचीच आहे. जानेवारी १९६८. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमसाठी फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. मागे लंडनचा ॲबी रोड, पुढे मुंबईची खोली. इथं तेव्हा स्टिरिओची सोय नव्हती, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र मुंबईला आणलं. खोली बाहेरच्या आवाजापासून नीट बंद नव्हती. संध्याकाळी इमारतीतली ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा आवाज आत यायचा आणि काम थांबवावं लागायचं. हे खुद्द हॅरिसननं पुढे सांगितलेलं आहे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचा वाद्यमेळ आपल्या वादकांकडून वाजवून घेतला, आवाज लंडनला परतल्यावर भरला, आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. एका गाण्यात दोन शहरांच्या दोन खोल्या. हेडफोन लावून ऐका. वाद्यं आणि गळा वेगवेगळ्या हवेत आहेत हे मला तरी स्पष्ट जाणवतं.

हॅरिसनच्या मागे असलेली ती दुसरी खोली म्हणजे लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआय स्टुडिओ. १९३१ सालच्या नोव्हेंबरात सुरू झाला. बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' अल्बम तिथं चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला. आज मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये याहून जास्त ट्रॅक मिळतात. ते काय करायचे? चारही ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढची वाद्यं भरायची. एकदा उतरवलं की परत वेगळं करता येत नाही. ढोल कमी, बासरी जास्त, हा निर्णय तिथल्या तिथं, कायमचा. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना हे दर टप्प्यावर ठरवावं लागलं. त्या अल्बममध्ये जो ठामपणा आहे तो मला या सक्तीतून आलेला वाटतो.

न्यूयॉर्कचा ३० व्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ म्हणजे मूळचं चर्च. छत भलतंच उंच. जाझवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' अल्बम तिथं दोन दिवसांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी मुख्य यंत्र किंचित मंद चालत होतं, त्यामुळे छापील तबकडीची पहिली बाजू मूळ सुरापेक्षा जराशी वर वाजायची. ती दुरुस्त झाली १९९० च्या दशकात. तोवर जगभरातले विद्यार्थी तबकडीबरोबर वाजवायला बसले की त्यांना आपलं वाद्य वर लावून घ्यावं लागायचं.

आणि आपला 'शिवकल्याण राजा'. १९७४, राज्याभिषेकाची ३०० वर्षं. भूषण, रामदास, सावरकर, कुसुमाग्रज यांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली, लताबाईंचा आवाज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. शिवजयंतीला आपल्या चौकाचौकांत तो लागतो. पण लताबाईंच्या एका आवाजामागे तो समूहस्वर किती दूर उभा केलाय, तालवाद्यांना किती जागा ठेवलीय, हे कधी कान देऊन ऐकलंय का? ते कुणीतरी बसून ठरवलंय.

तुमच्याकडच्या अल्बममधली खोली सांगा.

तुळजापूर_वेस

वा. वाचतोय. इनर लाइट आत्ताच लावलं. बासरी खरंच जवळ येते आणि गळा काचेपलीकडून आल्यासारखा वाटतो.

मंगळवेढेकर

बाळीवेसकर, धागा चांगलाय, पण मी थोडा विरोध करणार.

आमच्या मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४). 'पाऊले चालती पंढरीची वाट' आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर प्रत्येक टपरीवर वाजतं. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांची चाल. त्यात कुठली खोली ऐकू येते हो? टाळ, पेटी, ढोलकी, आणि सगळ्यांच्या पुढं तो गळा. त्या गळ्याला ना उंच छत लागलं ना चर्च. कव्वालीचे सामने रात्र-रात्र गाऊन कमावलेला आवाज तो, माईक असला काय, नसला काय, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारच. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांची भीमगीतं लागली की आजही पोरं गाडी थांबवायला लावतात.

स्टुडिओचं कौतुक करताना एक लक्षात ठेवा. मोठे हॉल, पन्नास व्हायोलिनं ही चैन सिनेमावाल्यांना आणि बड्या नावांना परवडायची. लोकगीतं, भीमगीतं, देवाची गाणी यांना स्टुडिओत थोडा वेळ मिळायचा. त्यात उभं राहून एका दमात गाऊन मोकळं व्हायचं. म्हणून मी तरी म्हणेन, आधी गळा. खोली नंतर.

मांडवाचा_साऊंड

मंगळवेढेकर दादा, तुमचं खरं आहे, आणि बाळीवेसकरांचंही. मी लग्नं, मंडळं, गड्ड्याची यात्रा इथं स्पीकर लावण्याचं काम करतो, त्यामुळे या गाण्यांशी रोजचा संबंध आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता गळा सगळ्यांच्या पुढं आहे. तो पुढं आणलेला आहे, दादा. जुना कर्णा आठवा, झाडाला बांधलेला. कर्णा खालचे स्वर देतच नाही आणि अगदी वरचेही नाही, मधलाच पट्टा जोरात फेकतो. माणसाचा आवाज नेमका त्या मधल्या पट्ट्यात असतो. ढोलकीचा घुमारा कर्ण्यातून निघणार नाही, पण चाट निघेल. तुम्ही त्या गाण्यांचं मिश्रण नीट ऐका : ढोलकीची चाट पुढं, धुम मागं, पेटी पातळ, गळा उघडा. कुठं वाजणार हे माहीत असलेल्या माणसानं केलेलं काम आहे ते, असं माझे कान सांगतात. भारीतल्या सिस्टीमवर ही गाणी कधी कधी टोचतात. कर्ण्यावर लावा, पाणी होतंय दगडाचं.

आता कॅसेटबद्दल. स्टुडिओतलं मोठं रीळ साधारणपणे सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं पळतं. कॅसेटमधली टेप पळते ४.७६ सेंटिमीटरनं. २४ ट्रॅकच्या स्टुडिओ यंत्राची टेप दोन इंच रुंद, म्हणजे पाच सेंटिमीटर. कॅसेटची टेप चार मिलिमीटरहूनही अरुंद, आणि त्यात दोन बाजू, प्रत्येक बाजूला डावं-उजवं, असे चार पट्टे बसवायचे. ताडदेवला किंवा लंडनला जे मुद्रित झालं त्यातलं किती आपल्यापर्यंत पोचलं याचा विचार करा. त्यात कारखान्यात प्रती काढताना टेप कैक पट वेगानं पळवायचे. वरचे स्वर, म्हणजे झांजेची झळाळी, श्वासाचा आवाज, तिथं पहिल्यांदा जायचे.

आणि खोली ऐकू येते ती याच वरच्या स्वरांत आणि गाण्याच्या शेपटात, आवाज विरतो तिथं. म्हणून आपल्याकडं खोली ऐकू आली नाही तर दोष कानाचा नाही. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, हेडचा तिरपेपणा त्यानं जुळतो. तो केसभर फिरवला तरी बंद खिडकी उघडावी तसा आवाज मोकळा होतो. ज्यांच्याकडे जुने डेक आहेत त्यांनी हेड आधी स्पिरिटनं पुसा, मग जाणकाराकडून तो स्क्रू जुळवून घ्या, आणि तोच 'शिवकल्याण राजा' परत ऐका.

बाळीवेसकर

मांडवाचा_साऊंड, असे प्रतिसाद यावेत म्हणूनच धागा काढला. कर्ण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. म्हणजे ध्वनिमुद्रक मुंबईत बसून मंगळवेढ्याच्या झाडावरच्या कर्ण्यासाठी मिश्रण करत होता. ऐकण्याची जागाही अल्बममध्ये शिरलेली आहे तर.

मंगळवेढेकर, आधी गळा हे मान्य. पण तो गळा आपल्यापर्यंत तसाच्या तसा आणून पोचवणाऱ्याचं नाव आपल्याला सांगता येत नाही, माझी तळमळ तिथं आहे.

पद्मा_पूर्वभाग

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, दारात मराठी. आमच्या कॅसेटा मुंबईहून यायच्याच, पण मद्रासहूनही यायच्या. हैदराबादकडचे नातेवाईक येताना घेऊन यायचे. यंत्रमागाच्या खडखडाटात टेप लावायची म्हणजे आवाज शेवटपर्यंत फिरवलेला. गायक बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज मागाच्या आवाजावर मात करून ऐकू यायचा, हे मी लहानपणापासून बघितलंय. मांडवाचा_साऊंड दादांनी मधल्या पट्ट्याबद्दल लिहिलं तेव्हा त्याचं कारण कळलं.

मला दोन अल्बमबद्दल लिहायचंय.

इळैयाराजांचा 'हाऊ टू नेम इट', १९८६. सिनेमाचा नाही, स्वतंत्र वाद्यसंगीताचा. कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि युरोपातले बाख या दोघा रचनाकारांना अर्पण केलेला. व्ही. एस. नरसिंहन यांचं व्हायोलिन. नाना घरी सुताच्या चाती भरत बसले की हीच कॅसेट लावायचे. नानांना बाख कोण हे माहीत नव्हतं, पण व्हायोलिनांची एक रांग प्रश्न विचारते आणि दुसरी उत्तर देते हे ते हातानं दाखवायचे. हे संगीत आधी कागदावर पूर्ण लिहून वादकांपुढं ठेवलेलं असायचं, इळैयाराजांची तीच पद्धत. माणसं एका जागी बसून, एकमेकांचं ऐकत वाजवतात तेव्हाच असा सवालजवाब जमतो, असं मला वाटतं.

दुसरा 'रोजा', १९९२. रहमान यांनी घरामागे छोटा स्टुडिओ बांधला होता, पंचतन रेकॉर्ड इन, कोडंबाक्कमला. ती गाणी तिथली. तेलुगूत आली, हिंदीत आली, आमच्या गल्लीत दोन्ही वाजली. त्याआधीच्या गाण्यांत हॉल भरून माणसं बसलेली जाणवायची. इथं एक माणूस रात्री एकटा, एकेक आवाज घासूनपुसून बसवतोय असं जाणवतं. प्रत्येक वाद्याभोवती मोकळी जागा आहे. मला दोन्ही आवडतात. पण १९८६ ते १९९२ एवढ्या थोड्या काळात एकाच शहरातली खोली अशी बदलली, हे मला फार मोठं वाटतं.

नवीपेठ

पद्माताई, सुंदर लिहिलंत. चाती भरताना बाख. व्वा.

जुनी_मिल

मी या बदलाची दुसरी बाजू मांडतो. एक माणूस एकटा रात्री बसून सगळं करू लागला, म्हणजे हॉलमधली बाकीची माणसं घरी बसली.

आपल्याकडच्या जुन्या अल्बममध्ये किती लोक असायचे! गोव्याचे ख्रिस्ती वादक, ज्यांना चर्चमुळे लहानपणीच स्वरलेखन यायचं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक, जे संगीतकाराची चाल पन्नास वाद्यांना वाटून द्यायचे. मराठीत श्यामराव कांबळे, अनिल मोहिले. व्हायोलिनवर प्रभाकर जोग. चाल संगीतकाराची, पण त्या चालीला अंगरखा शिवणारी ही माणसं. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात, वादकांचा पत्ता नाही. कॅसेटवर तर आणखी जागा कमी, मग गायक आणि कंपनी एवढंच.

आणि स्वस्त कॅसेटचं युग. टी-सीरिजनं १९८० च्या दशकात कॅसेट पानपट्टीपर्यंत नेली, त्यामुळे गरिबाच्या घरात गाणं गेलं, हे मोठं काम झालं. प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळाला, आमच्याकडची कितीतरी लोकगीतं त्यामुळेच मुद्रित झाली. पण त्याच काळात जुन्या गाजलेल्या गाण्यांच्या दुसऱ्या आवाजातल्या नकला निघाल्या आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या जागी कीबोर्डवरचे तयार सूर आले. ऐकणाऱ्याला किंमत कमी लागली, वाजवणाऱ्याचं काम गेलं. गिरण्यांच्या गावात राहून मला हे दिसत नसेल तर कुणाला दिसणार?

बाळीवेसकर

जुनी_मिल, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. पूर्ण सहमत, फक्त एक भर.

तंत्र बदललं म्हणून प्रत्येक वेळी माणसं बाहेर गेली असं नाही. जगजितसिंग यांचा १९८७ चा 'बियाँड टाइम' घ्या. भारतातलं डिजिटल मल्टिट्रॅकवरचं हे पहिलं काम म्हणून ओळखलं जातं. मुंबईचा वेस्टर्न आउटडोअर स्टुडिओ, ध्वनिमुद्रक दमन सूद. जगजितसिंग यांचाच १९७६ चा 'द अनफर्गेटेबल्स' आणि हा अल्बम एकापाठोपाठ ऐका. पहिल्यात टेपची बारीक सळसळ गळ्याखाली सतत आहे. दुसऱ्यात दोन शब्दांमधली शांतता खरोखर शांत आहे. गझलेला याची केवढी गरज होती! शेराचा दुसरा मिसरा येण्याआधी जे थांबणं असतं, ते आता काळंभोर मिळालं. आणि तरी तिथं माणसं बसून वाजवत होती.

परदेशातलं उदाहरण मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चं, १९८२, लॉस एंजेलिसचा वेस्टलेक स्टुडिओ. निर्माता क्विन्सी जोन्स, ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन. 'बिली जीन'च्या ड्रमसाठी स्विडीननं लाकडी फळ्यांचा खास मंच बनवून घेतला होता. तेच सांगत की या गाण्याचं मिश्रण ९१ वेळा केलं आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाचंच घेतलं. आपल्याकडं लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी वाजवलेली ती सुरुवातीची थाप आठवा. ती थाप जगभर ओळखली जाते, तिला जन्म देणाऱ्या ध्वनिमुद्रकाला किती जण ओळखतात?

करमाळा_लाइन

'सैराट' कुणीच कसा काढला नाही अजून?

२०१६. नागराज मंजुळे आमच्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. चित्रीकरण आमच्या विहिरींवर, उसात, केळीच्या बागांत. गाण्यातली बोली आमची. आणि अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद मुद्रित केला लॉस एंजेलिसजवळ, कल्व्हर सिटीच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. ही जुन्या एमजीएम सिनेकंपनीची खोली. 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत तिथंच झालेलं. तिथं मुद्रण करणारा हा पहिला भारतीय सिनेमा.

'याड लागलं'ची सुरुवात ऐका की. व्हायोलिनं एकदम भिंतीसारखी उभी राहतात, आणि त्यावर गडी गातोय आमच्या बोलीत. लोक विचारतात, गावाकडच्या गोष्टीला हॉलिवूडचा वाद्यवृंद कशाला? मी म्हणतो, का नको? आमच्या पोरांचं प्रेम काय लहान असतं का? आजवर मोठी खोली मोठ्या शहराच्या गोष्टीला मिळायची. पहिल्यांदा जेऊर-करमाळ्याच्या गोष्टीला ती मिळाली. थेटरात ती सुरुवात झाली तेव्हा माझ्या शेजारी बसलेले आमचे आबा, ज्यांनी आयुष्यात व्हायोलिन हातात घेतलं नाही, ताठ होऊन बसले. आणि 'झिंगाट'ला पोरांनी पडद्यापुढं जाऊन काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

मंगळवेढेकर

करमाळा_लाइन, हे पटलं बघा. इथं मी खोलीला मान देतो.

सात_रस्ता

मी इथं सर्वांत लहान असेन. इंजिनिअरिंग करतो आणि खोलीत गाणी बनवतो. खोली म्हणजे शब्दशः घरातली खोली.

तुम्ही सगळे मोठ्या शहरांच्या स्टुडिओबद्दल बोलताय. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमध्येच झाला, पण तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत. शहर तेच, खोली केवढी बदलली. तिचा आवाज कानाला लागून कुजबुजल्यासारखा येतो, तो मोठ्या हॉलमध्ये आलाच नसता. म्हणजे छोट्या खोलीचाही एक स्वभाव असतो, असं मला वाटतं.

माझी अडचण वेगळी आहे. खोली दहा बाय दहा, भिंती गुळगुळीत, फरशी शहाबादी. गायलो की आवाज डब्यात अडकल्यासारखा येतो. फोमच्या फळ्या महाग आहेत. आजोबांनी सांगितलं, घरात चादरींचा गठ्ठा आहे तो लाव भिंतीला. खऱ्या सोलापुरी, जाड जकार्डच्या. लावल्या. चाट कमी झाली, पण खालचा घुमारा तसाच आहे. काय करू?

मांडवाचा_साऊंड

आजोबांनी बरोबर सांगितलं. चादर वरच्या स्वरांचं भिंतीवरून परत येणं अडवते, खालच्या स्वरांना ती दिसतही नाही, कारण त्यांच्या लाटा फूट-फूट लांब. त्यासाठी जाडी लागते आणि मागं हवा लागते.

असं कर. चादरी भिंतीला चिकटवू नकोस. लाकडी दांड्यावरून दुहेरी घडी करून सोड, भिंतीपासून वीतभर अंतरावर. अंतर ठेवलं की तीच चादर जास्त खालपर्यंत काम करते. फरशीवर सतरंजी. मग खोलीचे चारही कोपरे. घुमारा कोपऱ्यात साठतो. तिथं रॉकवूलचे, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीचे, जाड पट्टे कापडात शिवून जमिनीपासून छतापर्यंत उभे कर. ते महाग वाटले तर आधी दोन कोपरे भर, फरक कळेल. रॉकवूल हाताळताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे घाल, कण टोचतात.

आणि खोलीच्या मधोमध उभा राहून गाऊ नकोस. दहा बाय दहा चौकोनी खोलीत मध्यावर काही खालचे स्वर एकदम फुगतात, काही गायब होतात. भिंतीपासून लांबीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर उभा राहा, तोंड खोलीकडे, पाठीमागं चादर. माईक आधी वीतभर अंतरावर ठेव, मग मागेपुढे करून बघ. छताची उंची किती आहे आणि खिडकी कुठल्या भिंतीला, ते इथं टाक, म्हणजे पुढचं सांगतो.

सात_रस्ता

छत साडेनऊ फूट. खिडकी पूर्वेला, रस्त्याकडे. दार तिच्या समोर. संध्याकाळी सहा ते नऊ रिक्षांचे हॉर्न येतात, तेव्हा रेकॉर्डिंग बंद ठेवतो.

बाळीवेसकर

मग तुझा स्टुडिओ आणि हॅरिसनचा फोर्टमधला स्टुडिओ, दोघांचं वेळापत्रक सारखंच की! गाणं झालं की इथं टाक. कुठं, कधी, कुणी मुद्रित केलं हे खाली लिहून टाक. आणि बाकीच्यांनी, ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या, कॅसेटा आहेत त्यांनी वेष्टनावर ध्वनिमुद्रक, संयोजक, वादक यांची जी काही नावं छापलेली असतील ती अल्बमच्या नावासकट इथंच उतरवून काढा. एकच नाव सापडलं तरी चालेल.

नवीपेठ

माळ्यावरची पेटी उद्या खाली काढतो. त्यात प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' नक्की आहे, तिथून सुरू करतो.